वेगळं सारण

स्प्रिंगबोर्डवरून सूर मारता मारता रुईछिनचे गुडघे कामातून गेले, तिच्या जागी नवी पोरगी आली आणि संघाने तिला कायमचं घरी पाठवलं. चिनी नववर्षाच्या वसंतोत्सवाला ती बाओदिंगला घरी आली ती एवढंच ठरवून, की आईला सुट्टीच सांगायची. सणासुदीला तिच्या जिवाला घोर कशाला?

बाहेरच्या मांसात जनावराला टोचलेलं औषध निघालं की खेळाडू उत्तेजक चाचणीत अडकतो. म्हणून संघाच्या खानावळीबाहेर मांसाला तोंड लावायचं नाही, असा दंडक होता. त्यामुळे दर सणाला घरचे डुकराच्या मांसाचे डंपलिंग हाणायचे आणि रुईछिनसाठी आई वेगळं सारण भरायची, अंडं आणि लसणाची पात.

"परत कधी जायचंय गं?" ताटली पुढ्यात ठेवत आईने विचारलं.

"सण झाला की लगेच. संघाचे सर वाट बघतायत."

"बरं. गरम आहे तोवर खा."

पहिल्याच घासाला मांसाचा रस जिभेवर उतरला. तिने दचकून वर पाहिलं.



"खा पोटभर, आता चालतं," आई पाठमोरीच म्हणाली. "सरांचा फोन येऊन गेला परवाच."