टपली

काका एकटेच फिरायला आले, त्या दिवशी विद्यापीठात सगळ्यांना काकू गेल्याचं कळलं. ग्रंथालयासमोरच्या ब्राँझच्या पुतळ्यापाशी ते सवयीने थांबले. बाहेरून कामाला आलेली एक बाई ब्रशने पुतळ्याला पुन्हा काळा रंग चढवत होती.

"काका, कुणीतरी हात लावून लावून याचं टक्कल पिवळं केलंय बघा. तेवढं रंगवलं की सुटले मी."

"आमच्या हिचं काम ते. रोज टपली मारायची त्याला. म्हणायची, तुमच्यापेक्षा हा बरा, निदान ऐकून तरी घेतो."

बाई हसली. "मग आज कुठे आहेत काकू?"

काकांनी पहिल्यांदाच त्या टकलावर हात ठेवला.

 

पुतळा आता कानापर्यंत काळाभोर झालाय. टक्कल तेवढं रंगवायचं राहिलंय.