डावा श्वास

तहरीमच्या अब्बांची जुनी मोटारसायकल गयास मिस्त्रीनं पुन्हा खोलली होती. दोन्ही कार्बोरेटर पेट्रोलनं धुतले, जेटची बारीक भोकं साफ केली, पॅकिंग नवं घातलं. तरी डाव्याची हवा काही उजव्याशी जुळेना.

"चाचा, हिचा दमा जाणार नाय," तहरीम हसली. "भंगारात देऊ का?"

गयास भडकला. "माझ्या हातच्या गाड्या वेरूळचा घाट हसत चढतात, बेटी! अन् ही माझी अब्रू घालवाया बसली व्हय?"

त्यानं इंजिन चालू केलं. रबरी नळीचं एक टोक कानात धरलं, दुसरं उजव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत शिरताना सूं सूं वाजत होती. मग डाव्याशी धरून त्याचा स्क्रू थोडा थोडा फिरवला. तिथंही तसंच. जुळलं! त्यानं ऐटीत इंजिन बंद केलं.

नळीतला आवाज चालूच राहिला. आत, बाहेर. पाळण्यात निजलेल्या लेकरासारखा.

"लई झाली थट्टा!" रागारागानं त्यानं डावा कार्बोरेटर उतरवून फडक्यावर ठेवला आणि नळी पुन्हा त्याच्या तोंडाशी लावली.

आत, बाहेर.

नीट ऐकायला त्यानं आपला श्वास रोखला. आवाजही थांबला.

म्हंजे माझाच श्वास ऐकत होतो की, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण बोलायला श्वास लागतो, आणि तो येईना.

"चाचा!" तहरीम त्याचा खांदा हलवू लागली. "तोंड निळं पडलंय, श्वास घ्या ना!"

गयास डोळे वटारून फडक्याकडं बोट दाखवत राहिला. कार्बोरेटर अजून गप्पच होता.