माश्यांना सांगायची ओळ

“पुन्हा म्हण,” बिशेन्ते म्हणाला.

हेझलनं मेणासाठीचा बास्क शब्द पुन्हा म्हटला.

“मेंढी शिंकली. पुन्हा.”

“आजोबा, गेले पाच आठवडे हाच शब्द. दुसरा एखादा घ्या की.”

“दुसरे तुला येतात.”

हेझल अमेरिकेतल्या नेवाडाहून आली होती. तिच्या विद्यापीठातली बारा मुलं त्या उन्हाळ्यात स्पेनच्या बास्क मुलुखातल्या या डोंगरगावात एकेका घरी राहत होती. सकाळी भाषेचा वर्ग, मग गावाबरोबर पडेल ते काम. उतारावरचे नेचे कापायचे, पायवाटा मोकळ्या करायच्या, चेस्टनटच्या फुलोऱ्यावर किती माश्या येतात ते टिपायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या घरी शिकलेली एक गोष्ट चौकात, सगळ्या गावासमोर, बास्कमध्ये म्हणून दाखवायची.

हेझलची गोष्ट ठरलेली होती. तिची पणजी याच खोऱ्यातून अमेरिकेला गेली होती. म्हातारपणी ती मधमाश्यांना काहीतरी सांगत बसायची. घरात त्यातली अर्धीच ओळ उरली: ‘माश्यांनो, मालक गेला.’ पुढचं कोणालाच आठवत नव्हतं. ते घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं हेझलनं निघण्यापूर्वीच ठरवलं होतं.

बिशेन्तेच्या परसात मधाच्या नऊ पेट्या होत्या. ओळ त्याला येत होती. पण विचारलं की तो विळ्याला धार लावायला बसे.

शेवटी तिनं समोरच्या घरातल्या कोन्चेसीला गाठलं. कोन्चेसी ही पहिली शेजारीण. या गावात पहिल्या शेजाऱ्याला नात्यातल्या माणसाइतकाच मान.

“मला नको विचारूस गं बाई,” कोन्चेसी मटार सोलता सोलता म्हणाली. “घरातलं कोणी गेलं की घरातल्या सगळ्यांत धाकट्या माणसानं पेट्यांपाशी जाऊन सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या रुसून निघून जातात. मी पडले शेजारीण. आणि मरण नसताना ती ओळ कोणीच बोलत नाही. बिशेन्ते तर नाहीच नाही. तो टोपी घालायची बाजूसुद्धा बदलत नाही.”

“मग मी रोज विचारीन.”

“विचार. तो खेचर, तू खेचर. बघू कोण आधी पाणी मागतं.”

हेझल रोज विचारत राहिली. बिशेन्ते रोज मेणाचा शब्द म्हणून घेत राहिला. दुपारी तीनच्या बसनं तो तोलोसाच्या इस्पितळात जाई. हेझल आल्यावर आठच दिवसांनी त्याची बायको माद्दालेन जिन्यावरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तो फडक्यात चीजचा तुकडा बांधून नेई आणि संध्याकाळी निरोप घेऊन येई.

“ती विचारतेय, घेवड्याला पाणी घातलंस का.”

“घातलं,” हेझल म्हणे.

“ती म्हणाली, पोरगी ‘घातलं’ म्हणेल. जाऊन बघा.”

मूलबाळ नव्हतं त्यांना. पहिल्याच दिवशी माद्दालेननं हेझलला पाहुण्यांची ताटली दिली आणि लगेच परत घेतली. “ही कशाला? फडताळातून आपली घे,” असं म्हणाली होती.

शेवटच्या दिवशी सकाळी खाली फोन वाजला. चौकातल्या निरोपाच्या जेवणाची गडबड चालू असणार, असं हेझलला वाटलं. ती खाली आली तेव्हा बिशेन्तेनं पांढरा सदरा घातला होता, दाढी केली होती. मेजावर फडक्यात बांधलेलं चीज होतं. त्यानं ते तिच्या हातात ठेवलं.

“हे तू ठेव.”

निरोपाची भेट. तिनं शेवटचं विचारून घेतलं.

“आजोबा, ती ओळ?”

त्यानं परसाचं दार उघडलं. “चल,” म्हणाला.

परसात ऊन नुकतंच पहिल्या पेटीवर आलं होतं. त्यानं तिला बोटाच्या पेरानं पेटीवर तीनदा हलकेच ठोकायला लावलं. मग तो एकेक शब्द सांगत गेला आणि ती त्याच्यामागून म्हणत गेली. ‘माश्यांनो, मालकीण गेली. मेण करा, उजेड लागणार आहे.’

पणजीच्या ओळीत मालक होता. हेझलनं खिशातली वही काढून झटपट टिपलं: ‘या घरी मालकीण. पाठभेद.’ पुढचा अर्धा भाग तिनं खाली लिहून घेतला. पाच आठवडे तोच शब्द का, ते तिला आता कळलं. ती हसली. तो हसला नाही.

“वही ठेव. अजून आठ आहेत. नीट म्हण.”

ती नऊही पेट्यांपाशी गेली. ठोकलं, म्हटलं. मेणाचा शब्द नऊही वेळा स्वच्छ आला. आत माश्यांचा आवाज वाढत गेला आणि मग एकसारखा झाला. खेचर जिंकलं होतं. आज चौकात ती मान वर करून उभी राहणार होती.

“आता शिंकली नाही ना मेंढी?”

“नाही, पोरी.”

कुंपणाचं फाटक वाजलं. जेवणाला बोलवायला कोन्चेसी आली असेल म्हणून हेझल वळली. कोन्चेसीच्या डोक्याला काळा रुमाल होता. ती सरळ बिशेन्तेपाशी गेली आणि तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

“माश्यांना सांगितलं?”

“सांगितलं,” तो म्हणाला. “घरातल्या धाकटीनं.”