तळहाताचं माप

भिंतीवरच्या अठ्ठ्याण्णव सालच्या कॅलेंडरखाली आकारामनं पितळेची तीन मापं ओळीनं मांडली आणि हात पुसत म्हणाला, "घ्या पावणं. ह्यातलं एक बरुबर असणारच."

गणपती नुसता ऐकत होता. त्याचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. मलकापूरच्या पुढं डोंगराला लागून त्याचं भाताचं रान होतं, आणि रानडुकरं हुसकायला परवान्याची ठासणीची बंदूक. असल्या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ओतायची आणि गजानं ठासायची. कमी पडली तर फुसका बार, जास्त झाली तर नळी फुटून भरणाऱ्याच्याच जिवावर बेतायचं. चाळीस वर्षं गणपतीनं ती दारू तळहाताच्या खळग्यात घेऊन ओतली होती. आता परवाना त्याच्या मुलीच्या, बाळाबाईच्या नावावर झाला होता, आणि तिचा हात वेगळा. म्हणून माप पाहिजे होतं. मापाशिवाय बंदूक खुंटीवरून काढायची नाही, असं त्यानं बजावलं होतं.

गेल्या आठवड्यात बाळाबाई एकटीच शिरोलीला येऊन बापाच्या तळहातावर मावलेली नाचणी पुडीत बांधून देऊन गेली होती. दारूचा दाणाही साधारण तेवढाच. त्या पुडीवरून आकारामनं एक नेमकं माप केलं, एक केसभर मोठं आणि एक केसभर लहान. शिरोली एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या आकारामचं माप चुकत नाही अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचाही बराच वाटा होता. तळहातावर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"हात म्हंजे काय मोजायचं व्हर्निअर न्हवं," तो म्हणाला. "आज एक भरंल, उद्या दुसरं."

"नाचणी द्या हिकडं," गणपती म्हणाला.

शेजारी उभ्या असलेल्या बाळाबाईनं पिशवी त्याच्या पुढ्यात धरली. गणपतीनं हात घातला, बोटं किंचित मिटली आणि मधल्या मापात नाचणी सोडली. माप काठोकाठ भरलं. आकारामनं वरून पोलादी पट्टी फिरवली. एकही दाणा खाली पडला नाही.

"पुन्यांदा," आकाराम म्हणाला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. सातव्या खेपेला पट्टीपुढं एक दाणा घरंगळला आणि टेबलाच्या पत्र्यावर टिक् वाजला. आकारामचा चेहरा उजळला.

"बोटाच्या सांदीत अडकलावता," गणपती म्हणाला. "मागल्या खेपंचा."

आकाराम पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला. पंचवीस वर्षं तो डोळ्यांच्या आणि व्हर्निअरच्या जोरावर पोट भरत आला होता. ह्या माणसाकडं दोन्ही नव्हतं. पायाच पडावं असं वाटलं, पण ते काही जमलं नाही.

"मामा," तो म्हणाला, "च्या सांगू?"

"च्या मागनं." गणपतीनं पुन्हा पिशवीत हात घातला. या वेळी ओतलेली नाचणी मापाच्या काठाखाली बरीच आत राहिली. आकारामला वाटलं, म्हातारा दमला. पण माप रिकामं करून गणपतीनं दुसऱ्यांदा ओतली, तिसऱ्यांदा ओतली, आणि नाचणी दर वेळी त्याच जागी येऊन थांबली.

"हितं कापा," गणपती म्हणाला. "हिला एवढंच द्यायचं."

बाळाबाई उसळली. "का म्हणून? तुमी भरत हुता तेवढं मला का न्हाय? बाईमाणूस म्हणून व्हय?"

"न्हाय गं." गणपतीनं तोंड आकारामच्या आवाजाच्या दिशेला वळवलं. "हिची आय गेली तवा ही चार म्हैन्याची. घरात बगाय कोण न्हवतं. रानातल्या राखणीच्या माळ्यावर झोळी बांधून निजवायचो. चार वर्सं एवढीच दारू भरली. डुकरं पळायची की तेवढ्यानं. आनि त्या बारानं ही उठायची न्हाय."

चौतीस वर्षांची बाळाबाई बापाच्या हाताकडं बघत राहिली. आपली झोप त्या हातात अजून दाण्यादाण्यानं मोजून ठेवलेली आहे, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आकारामनं मापाच्या आत रेघ ओढली. माप लेथच्या चकात धरलं, किल्ली आवळली आणि हात बटणाकडं नेला.

"थांबा वो जरा," बाळाबाई म्हणाली. मग बापाजवळ सरकली. "आबा, एवढ्याचा आवाज घरापातुर येतोय?"

गणपतीनं विचार केला. "न्हाय. वढ्यापातुर येत असंल."

"आनि मी माळ्यावर गेल्यावर तुमी झोपणार हाय व्हय?"

गणपती हाताला चिकटलेले दाणे एकेक करून पिशवीत टाकत राहिला.

"काढा ते चकातनं," बाळाबाई आकारामला म्हणाली. "हाय तेवढंच ऱ्हाऊ द्या. आबास्नी घरात ऐकू जायाला पायजे."