ताल कोणी द्यायचा?

“दाजी, तालाचं क्लॉक माझ्या सिक्वेन्सरचं. तुमचा सिंथ मागून येऊ दे.”

“मेव्हण्याच्या मागून? मी?”

आमच्या घरच्या बँडचे दोन वादक, माझा भाऊ आणि माझा नवरा, भर हळदीच्या मांडवात त्यांची वाद्यं जोडणारी मिडीची वायर दोन टोकांनी धरून भांडत होते. दोन यंत्रं जोडली की एकाने ताल द्यायचा, दुसऱ्याने पाळायचा, एवढं साधं. पण या शहाण्यांनी दोन्हीकडून दिला. गाण्याच्या चिंध्या झाल्या, मी कुठे गावं तेच कळेना, आणि नवरदेवाचा काका आम्हाला हाकलून डीजे बोलवायला फोन लावू लागला.

“आता जो दुसऱ्याचं ऐकणार नाही, त्याने उद्यापासून आपलं जेवण आपण रांधायचं,” मी माइकवरच सांगितलं.

दोघांनी गुपचूप आपापली सेटिंग बदलली. स्टार्ट दाबलं. शांतता! आता दोन्ही यंत्रं एकमेकांच्या तालाची वाट बघत बसली, आणि नवरदेव एक पाय वर करून उभा.

मी हळदीचं रिकामं ताट उचललं आणि पळीने बडवायला लागले. अख्खा मांडव नाचला. काकाने फोन खिशात टाकला.

ते दोघंही मुकाट्याने टाळ्या वाजवत होते. वेगवेगळ्या तालात.