उरुग्वेवाल्याचं दुःख

"वाईट झालं बघा, सर," म्हणत शेजारचे साळोखे चपला काढून आत आले आणि मान खाली घालून बसले. सकाळपासूनचे हे सातवे. रात्री अर्जेंटिना वर्ल्डकपमधून बाहेर गेली होती आणि माझ्या गच्चीवर आकाशी जर्सीतल्या खेळाडूचा दहा फुटी फ्लेक्स होता.

"अहो, तो उरुग्वेचा कॅप्टन आहे!" मी ओरडलो. "आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी माणसं त्या देशात, तरी दोनदा वर्ल्डकप जिंकलाय त्यांनी. वीस वर्षं घसा फोडून सांगतोय मी!"

"दुःखात माणूस बोलतोय असंच, वहिनी," साळोखे माझ्या बायकोला म्हणाले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी दारावर पाटीच लावली : 'आम्ही उरुग्वेवाले. अर्जेंटिनाशी संबंध नाही. सांत्वनाला येऊ नये.'

दोन दिवसांनी उरुग्वेही हरली. त्याच कॅप्टननं शेवटची पेनल्टी बाहेर मारली.

सकाळी बायकोनं न सांगताच दहा कप चहाचं आधण ठेवलं. मी पाटी काढली आणि दार सताड उघडं टाकून बसलो.

चहा दोनदा गरम करून झाला. बारा वाजले तरी पायरीवर आमच्याच चपला होत्या.