डाव्या खिडकीतले बाबा

ढगांतून रुळांलगतच्या ज्वारीवर ऊन उतरलं, तसा केतकीने पुन्हा कॅमेरा उचलला. इंजिन चालवायची बाबांची आज शेवटची फेरी. खिडकीतले बाबा तिला उन्हात टिपायचे होते. पण ऊन येई, जाई. तिचा जीव वरखाली होई.

लांबून शिट्टी आली. शेजारी उभी उपाशी आई जपमाळ आवरत म्हणाली, "अगं, हे डावीकडे बसतात ना?"

केतकी चरकली. उजेडाच्या नादात ड्रायव्हरची लेक भलत्याच बाजूला उभी होती! रुळांखालच्या मोरीतून ती पलीकडे धावली. तिथून ऊन थेट डोळ्यांत येत होतं. गाडी धडधडत आली नि गेली.

मागून आलेल्या आईला तिने रडवेली होत फोटो दाखवला. नुसतीच काळी सावली. "कोण ओळखणार?"

"मी." आईने फोटोवर बोट ठेवलं. खिडकीबाहेरच्या मनगटावरून दोरा फडफडत होता. "पहाटे ह्यांना व्रताचा बांधला, तेव्हा टोक कापायचं विसरले. बरंच झालं, बाई!"